वरचं

लोममध्ये, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
त्सोन्काबाईंचं दुकान. दुकान म्हणजे एक खिडकी,
खिडकीत दोन ग्लास: छोटा पाच स्टोटिंकींचा, मोठा दहाचा.
पोत्यात सूर्यफुलाच्या बिया, मीठ लावून भाजलेल्या,
मागे घडवंचीवर बोझाच्या बाटल्या,
आंबवलेल्या बाजरीचं ते पेय, नावाइतकंच पोटाला जड.

ग्लासाचा तळ जाड होता.
सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यांनाही.
म्हणून माप ओतून झालं की
मूठ पुन्हा पोत्यात जायची आणि वरचं पडायचं:
मुलांना जास्त, पोलिसाला कमी,
आणि माझ्या बापाला, तो उधारी बुडवायचा तरी,
मुलांइतकंच.

पुडी वर्तमानपत्राची.
वाचायला मी पुडीवर शिकले; शाळेचा दावा वेगळा आहे.
बिया संपेपर्यंत धीर धरायचा, मग उलगडायचं:
तेलाचे डाग, मिठाचे कण,
कुठल्याशा कारखान्यानं मुदतीआधी काम पुरं केल्याचं वृत्त,
कुणी तरी अर्धं सोडवलेलं शब्दकोडं,
आणि नशीब असेल तर धारावाहिक कादंबरीचा तुकडा.
तिच्यात किरो नावाचा इंजिन ड्रायव्हर होता.
त्याची बायको रूसे स्टेशनावर पाणी प्यायला उतरली
आणि हरवली.
मला ती उलटसुलट मिळाली,
गुरुवारी सापडली, सोमवारी पुन्हा हरवली.
शेवट कुणाच्या पुडीत गेला कोण जाणे.
त्सोन्काबाईंना विचारलं तर म्हणाल्या,
"मोठा ग्लास घे, कदाचित येईल."

शेजारी आस्पारुह कॅसेटी भरून द्यायचा,
रेडिओपुढे माइक धरून, श्वास रोखून.
माझ्याकडे एक अजून आहे. नदीपलीकडच्या रोमानियन स्टेशनावरचं गाणं,
दुसऱ्या कडव्यात त्याचं पोरगं शिंकतं
आणि तो दबक्या आवाजात शिवी हासडतो.
तेच गाणं आता फोनवर ऐकते,
शिंकेची जागा आली की कान टवकारते.
शिंक येत नाही.
गायिका काही तरी विसरली असं वाटत राहतं.

सतरा वर्षं मी वालेन्सियात
परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते आहे.
यंदा मार्चमध्ये आले. आस्पारुहच्या जागी जुगाराचं दुकान,
त्याच्या काचा आतून काळ्या.
वर्तमानपत्र बंद पडलं, कधी ते कुणाला नेमकं आठवत नाही.
बिया सुपरमार्केटात, फुगवलेल्या पाकिटात.
वाचायला आहे त्यावर: मीठ, तेल, वापरण्याची तारीख.
किरो नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की कागद छापतात.
वर फोटो, खाली नाव, वय, घरच्यांचे दोन शब्द,
आणि चिकटवतात दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर.
चाळीस दिवसांनी पुन्हा. सहा महिन्यांनी पुन्हा.
गावात आता एवढंच छापलं जातं.

खिडकीच्या लोखंडी झडपेवर त्सोन्काबाई होत्या.
फोटो तरुणपणीचा, पटकन ओळखू येईना.
कागदाचा खालचा कोपरा सुटला होता
आणि नदीच्या वाऱ्यानं गुंडाळून
त्याचा नेमका शंकू झाला होता.
सवयीनं उलगडला.
"एक वर्ष झालं. तुझ्याशिवाय" इथवर होतं,
पुढचं पावसानं पुसलेलं.

पायरीवर बसले. पाकीट फोडलं.
बिया चांगल्या होत्या, खोटं का बोला,
दाणे एकसारखे, एकही जळका नाही.
टरफलं मी तिथेच थुंकली, पूर्वी थुंकायचे तशी.
त्यांना ते खपायचं नाही.
आधी झाडू घेऊन सगळं झाडायच्या, मग ओरडायच्या.

थोडा वेळ थांबले.
मग बुटानंच टरफलं गोळा केली,
पाकिटात भरली, पाकीट पर्समध्ये,
आणि उठताना झडपेच्या फटीत
एक चिमूट ठेवली, सोललेली.